हा प्रश्न ‘त्यांच्यातला’ नाही



‘ते त्यांच्यातलं आहे, आपण कशाला मध्ये पडायचं?’ हे वाक्य गेल्या दोन वर्षांत मी किती जणींकडून ऐकलं याची मोजदाद नाही. एखाद्या पुढाऱ्याने ते म्हटलं असतं तर मी हे लिहायला बसले नसते. पण म्हणणाऱ्या बहुतेक आपल्याच आहेत. जळालेल्या सुनेसाठी पोलीस ठाण्यात रात्र काढणाऱ्या, सोनोग्राफीच्या दुकानदारीविरुद्ध रस्त्यावर उतरणाऱ्या. आणि सगळ्यांच्या आधी ते वाक्य मी स्वतःच्या मनात म्हटलेलं आहे. म्हणून हे भांडण आधी माझं माझ्याशी आहे, मग तुमच्याशी.

टिटवाळ्यात रुळांच्या पलीकडे, मांड्याच्या बाजूला, भाड्याच्या एका खोलीत आमचा बायकांचा गट भरतो. मुंबईत घर परवडेना म्हणून कसारा लोकलच्या वाटेने सरकत सरकत इथवर आलेली ही कुटुंबं. गटात आगरी आहेत, मराठा आहेत, बौद्ध आहेत, कोकणी मुसलमान आहेत, उत्तर प्रदेशातून आलेल्या आहेत. दोन वर्षांपूर्वी एक दाऊदी बोहरी बाई येऊ लागली. घरी शिवणकाम करते, बोहरी बायकांचे रिदे शिवून देते. तिचं नाव मी सांगणार नाही. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आणि हा मजकूर छापायला देण्याआधी तिला वाचून दाखवला आहे.

पाळीविषयी बैठक होती. भिंतीवर बाईच्या शरीराचं मोठं चित्र लावलं होतं. आपल्या शरीराची आपल्याला पहिली ओळख कशी झाली ते प्रत्येकीने सांगायचं होतं. कुणी पहिली पाळी सांगितली, कुणी पहिलं बाळंतपण. ही गप्प होती. सगळ्या गेल्यावर चपला घालता घालता परत वळली, चित्रावर बोट ठेवलं आणि म्हणाली, ‘ताई, हे माझं पूर्ण नाही. सात वर्षांची होते तेव्हा कापलं.’

मी काय केलं? तिला पाणी दिलं आणि मशीनचं काम कसं चाललंय ते विचारलं. समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेताना आम्हाला शिकवलं होतं की दुसऱ्याच्या संस्कृतीत शिरताना जपून पाऊल टाकावं. शिकवलं ते बरोबरच होतं. पण त्या संध्याकाळी मी जपून पाऊल टाकलं नाही, पळ काढला. पळण्याला चांगलं नाव मिळालं म्हणून ते पळणं थांबत नाही.

तीन आठवड्यांनी ती पुन्हा थांबली. तिची मुलगी साडेसहा वर्षांची. भेंडीबाजारातून सासूबाईंचा फोन आला होता, ‘मे महिन्यात पोरीला आठ दिवस पाठव, वेळ झाली.’ कसली वेळ ते फोनवर बोलायची गरज नव्हती. तिने मला एकच विचारलं, ‘मी काय सांगू, ताई?’

आता ज्या मैत्रिणींना हे सगळं नवीन आहे त्यांच्यासाठी. दाऊदी बोहरी समाजात मुलीला सातवं वर्ष लागलं की तिचा ‘खतना’ करण्याची रूढी आहे. धार्मिक भाषेत तिला ‘खफ्ज’ म्हणतात. मुलीच्या क्लिटोरिसवरची त्वचेची घडी किंवा तिचा काही भाग कापला जातो. (या अवयवाला आपल्या मराठी घरांत उच्चारता येईल असा शब्दसुद्धा नाही, हेही एकदा लक्षात घ्या. ज्याला नाव नाही ते कापलं तरी तक्रार कोणत्या शब्दांत करायची?) पूर्वी हे काम एखाद्या जाणत्या म्हाताऱ्या बाईच्या घरी ब्लेडने व्हायचं, आता काही ठिकाणी डॉक्टरही करतात. मुलीला सांगतात, फिरायला चल, आइसक्रीम देते. नंतर सांगतात, कुणाला बोलू नकोस. शरीराच्या त्या भागाला नाव ठेवलेलं आहे, ‘हरामनी बोटी’. म्हणजे पापाचा मांसाचा तुकडा. सात वर्षांच्या पोरीच्या अंगावर पाप कुठून आलं, हे मात्र कोणी सांगत नाही.

कुराणात याचा उल्लेख नाही. भारतातले बहुसंख्य मुसलमान ही रूढी पाळत नाहीत. आमच्या गटातल्या कोकणी मुसलमान बायकांनी ते ऐकलंसुद्धा नव्हतं. बोहरी परंपरा आधार देते तो फातिमी काळातल्या काझी नुमान यांच्या ‘दआइम अल-इस्लाम’ या दहाव्या शतकातल्या ग्रंथाचा. जागतिक आरोग्य संघटना स्त्रीच्या जननांगाच्या कापाकापीचे चार प्रकार मानते आणि क्लिटोरिसवरची त्वचा कापणं हे पहिल्या प्रकारात मोडतं. त्यापासून आरोग्याला कोणताही फायदा नाही, असं ही संघटना स्पष्ट सांगते. युनिसेफच्या २०२४ च्या अंदाजाप्रमाणे जगात २३ कोटींहून अधिक मुली आणि स्त्रिया अशा कापाकापीतून गेलेल्या आहेत. हा आकडा ३१ देशांचा आहे. त्यात भारत नाही, कारण भारताने मोजलेलंच नाही.

रूढीचं समर्थन करणाऱ्या बोहरी स्त्रियाही आहेत, संघटित आहेत, आणि त्यांचं म्हणणं टाळून पुढे जाणं बरोबर नाही. त्या म्हणतात, आफ्रिकेत होतं ते भयंकर आहे, आमच्यात होतो तो चिमूटभर चामडीचा शुद्धतेचा विधी आहे, मुलांची सुंता चालते मग मुलींचीच का चालत नाही? माझं उत्तर सरळ आहे. कापलेला तुकडा किती मोठा होता याचा हिशेब कापणाऱ्याने मांडू नये. धडपडणाऱ्या लहान मुलीच्या त्या नाजूक जागी ब्लेड नेमकं कुठे थांबेल याची हमी कोण देणार? आणि समजा, थांबलं. तरी तिला फसवून नेलं, धरून ठेवलं, आणि गप्प राहायला शिकवलं. तुकडा लहान असेल, शिकवण मोठी आहे. तुझं शरीर तुझं नाही, ही ती शिकवण. मुलांच्या सुंतेवर वाद घालायचा असेल तर जरूर घालू; पण एका लेकराला विचारलं नाही म्हणून दुसरीलाही विचारू नये, हा न्याय कुठला?

आता आपल्या गप्प बसण्याकडे येते. हा प्रश्न काल उघडकीला आलेला नाही. रेहाना घडियाली यांचा बोहरी स्त्रियांच्या खतन्यावरचा लेख ‘मानुषी’त छापून आला तो १९९१ साली. ‘मानुषी’ म्हणजे आपल्या चळवळीच्या घरातली पत्रिका. आपण तो वाचला आणि घडी घालून ठेवून दिला. का? शाहबानो प्रकरणाने पोळलेले दिवस होते ते, आणि वर्षभरात बाबरी आणि मुंबईची दंगल झाली. मुसलमानांविषयी काहीही बोललं की ते दंगेखोरांच्या हातातलं कोलीत होईल, ही भीती खोटी नव्हती. आजही खोटी नाही. आमच्या वस्तीत या विषयाची कुणकुण लागताच एका स्थानिक कार्यकर्त्याने मला सुचवलं, ‘मॅडम, मोर्चा काढू, आम्ही शंभर पोरं देतो.’ त्याच्या स्वतःच्या घरात सुनेला दिवस गेले की काय होतं ते आमच्या गटाला माहीत आहे. त्याला मुलीची फिकीर नव्हती, निमित्त हवं होतं. अशा शंभर पोरांना आपल्या दारात उभं राहू देता कामा नये.

पण म्हणून आपण गप्प बसायचं? आपण गप्प बसलो की बोलणारा तोच एक उरतो. मग त्या बाईपुढे दोनच दारं राहतात: एकीकडे जमात, दुसरीकडे जमातीचा द्वेष करणारे. तिसरं दार उघडणं हे आपलं काम होतं. तीस वर्षांहून जास्त काळ आपण ते केलं नाही.

दार उघडलं ते बोहरी स्त्रियांनी स्वतः. २०११ साली एका बोहरी स्त्रीने नाव न सांगता सय्यदनांकडे अर्ज केला. २०१२ साली प्रिया गोस्वामी यांचा ‘अ पिंच ऑफ स्किन’ हा माहितीपट आला. २०१५ साली मुंबईत ‘सहियो’ सुरू झाली, त्याच वर्षी मासूमा रानाळवी आणि त्यांच्या सोबतिणी नावानिशी पुढे आल्या. याआधी जे आजीपासून नातीपर्यंत फक्त कुजबुजीतून गेलं होतं ते प्रथमच एकमेकींना सांगितलं गेलं. ‘सहियो’ने ‘थाल पे चर्चा’ सुरू केली. बोहरी घरांत एका मोठ्या थाळाभोवती बसून सगळे एकत्र जेवतात. त्याच थाळाभोवती, जेवता जेवता, हा विषय बोलायचा. व्यासपीठ नाही, माईक नाही. मला ही कल्पना समाजकार्याच्या दहा पुस्तकांपेक्षा शहाणपणाची वाटते, कारण रूढी ज्या जागी जगते त्याच जागी ती तिला गाठते.

‘नुसत्या गोष्टी सांगून काय होणार?’ असं विचारणारे आपल्यातही आहेत. त्यांना सरकारचं उदाहरण देते. मे २०१७ मध्ये तेव्हाच्या महिला व बालविकास मंत्री मनेका गांधी म्हणाल्या होत्या की समाजाने स्वतःहून हे बंद केलं नाही तर सरकार कायदा करील. त्याच वर्षी डिसेंबरात त्यांच्याच मंत्रालयाने सर्वोच्च न्यायालयात सांगितलं की भारतात असं काही होतं हे दाखवणारी अधिकृत आकडेवारी किंवा अभ्यास उपलब्ध नाही. सहा महिन्यांत बायका नाहीशा झाल्या! मोजायचं नाही आणि मग आकडा नाही म्हणायचं, ही युक्ती आपल्याला नवी आहे का? गर्भजल परीक्षेच्या वेळी हेच ऐकलं होतं. तेव्हा, १९८६ साली, डॉ. संजीव कुलकर्णी यांनी मुंबईतल्या ५० स्त्रीरोगतज्ज्ञांना जाऊन विचारलं. त्यांतले ४२ जण लिंगनिदानासाठी ही परीक्षा करत होते. त्या पाहणीच्या आणि आपल्या मोर्च्यांच्या बळावर १९८८ साली महाराष्ट्रात देशातला पहिला कायदा झाला. पुरावा आपोआप हाती आला नव्हता. आपण विचारलं म्हणून तो मिळाला.

खतन्याच्या बाबतीतही तसंच घडलं. ‘सहियो’च्या २०१७ च्या पाहणीत जगभरातल्या ३८५ बोहरी स्त्रियांनी उत्तरं दिली. ८० टक्के स्त्रियांचा खतना झालेला होता, आणि ८१ टक्के म्हणाल्या, हे पुढे चालू राहू नये. ही इंटरनेटवरची पाहणी होती, स्वतःहून उत्तरं देणाऱ्यांची. ती सगळ्या समाजाची शिरगणती नव्हे हे मान्य. २०१८ च्या फेब्रुवारीत लक्ष्मी अनंतनारायण, शबाना दिलेर आणि नताशा मेनन यांचा अभ्यास आला. त्यांनी ८३ स्त्रियांशी आणि ११ पुरुषांशी प्रत्यक्ष बोलून लिहिलं. ज्या स्त्रियांना आठवत होतं त्यांतल्या ९७ टक्के स्त्रियांच्या लेखी ती आठवण वेदनेची होती. सुमारे एकतृतीयांश स्त्रियांना वाटत होतं की त्याचा आपल्या लैंगिक आयुष्यावर वाईट परिणाम झाला. बाई आधी बोलली, मग आकडा तयार झाला. गोष्ट हा पुराव्याचा शत्रू नाही, गोष्ट ही पुराव्याची आई आहे.

‘मग कायदाच करून टाका, कशाला ही शिबिरं?’ असं म्हणणाऱ्या वकील मैत्रिणींशीही माझं थोडं भांडण आहे. कायदा हवा, नक्की हवा. २०१८ मध्ये ॲटर्नी जनरलनी सर्वोच्च न्यायालयात सांगितलं की ही कृती भारतीय दंड संहिता आणि पॉक्सोखाली आजही गुन्हा ठरते. पण त्याच वर्षी सप्टेंबरात प्रकरण मोठ्या पीठाकडे गेलं आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये शबरीमलाच्या प्रश्नांबरोबर बांधलं गेलं. न्यायालय आपल्या गतीने जातं. मुलगी मात्र दरवर्षी एक वर्षाने मोठी होते. सातवं वर्ष कोणाच्या तारखेसाठी थांबत नाही. आणि उद्या कडक कायदा झाला तरी फिर्याद कोण देणार? सात वर्षांची मुलगी आपल्या आजीविरुद्ध? ऑस्ट्रेलियात २०१५ साली एका आईला, एका निवृत्त परिचारिकेला आणि समाजाच्या एका धर्मगुरूला न्यायालयाने दोषी ठरवलं. मधे अपिलात ते सुटले, आणि २०१९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सरकारची बाजू मान्य केली. त्या खटल्याच्या धाकाने परदेशातल्या अनेक जमातींनी पत्रकं काढली की त्या त्या देशाचा कायदा पाळा. म्हणजे कायद्याचा धाक चालतो. पण त्या पत्रकांत रूढी वाईट असं म्हटलेलं नव्हतं. नुसत्या धाकाने बंद झालेली गोष्ट दार लावून आत चालू राहू शकते.

बाई का बोलत नाही, याचं कारण लाज एवढंच नाही. कारण बहिष्कार आहे. बोहरी समाजात लग्न असो की दफन, प्रत्येक कामाला वरून ‘रझा’, म्हणजे परवानगी लागते. ती नाकारली की माणूस एकटा पडतो. आप्त दार लावून घेतात, मयताला जागा मिळत नाही. नागरिकांच्या वतीने बसलेल्या नाथवानी आयोगाने १९७९ सालच्या अहवालात हे सगळं नोंदवलेलं आहे. मुंबई राज्याने १९४९ साली बहिष्काराविरुद्ध कायदा केला होता. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला, तोही याच समाजाच्या प्रकरणात. महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा २०१६ चा. तो कागदावर राहू नये म्हणून काय लागतं ते पाहायला लांब जायला नको, कल्याणहून दोन-तीन स्टेशनं पलीकडे अंबरनाथला या. कंजारभाट समाजातल्या नववधूच्या कौमार्य परीक्षेविरुद्ध २०१८ साली त्याच समाजातली तरुण मुलंमुली उभी राहिली. विवेक तमायचीकर हा त्यांतला एक. त्याच्या कुटुंबावर बहिष्कार पडला, आणि २०१९ मध्ये अंबरनाथला याच कायद्याखाली गुन्हा नोंदवला गेला. त्यांनी आधी एकमेकांना गाठलं, एकमेकांना आपापली हकिकत सांगितली, मगच पोलीस ठाण्याची पायरी चढले. कायदा होता, तो वापरण्याचं बळ त्या बोलण्यातून आलं.

सेनेगलमध्ये हेच घडलं. ‘तोस्तान’ नावाची संस्था तिथल्या खेड्यांत बायकांचे वर्ग चालवायची. मातृभाषेत वाचन, आरोग्य, माणसाचे हक्क. मालिकुंडा बाम्बारा या गावच्या बायकांनी १९९७ च्या जुलैत जाहीर केलं की आम्ही मुलींना कापणं बंद करतो. आसपासची गावं भडकली. तेव्हा देम्बा दियावारा या म्हाताऱ्या मुसलमान इमामाने शहाणपणाची गोष्ट सांगितली: एक गाव एकटं सोडू शकणार नाही, कारण त्या गावच्या मुलींची लग्नं दुसऱ्या गावांत होतात, ज्या गावांत सोयरिकी होतात त्या सगळ्यांनी मिळून सोडलं पाहिजे. तो पायी गावोगाव फिरला, नातलगांशी बोलला. १९९८ च्या फेब्रुवारीत तेरा गावांनी एकत्र येऊन शपथ घेतली. देशाचा कायदा आला तो त्यानंतर, १९९९ मध्ये.

हे मी एवढ्यासाठी सांगते की माझ्या शिवणकाम करणाऱ्या मैत्रिणीची अडचण अगदी हीच होती. तिला खतना नको होता. नवऱ्याला विचारलं तर त्याला धड माहीतच नव्हतं काय करतात ते. ‘बायकांचं आहे’ म्हणून तो लांब राहिलेला. नणंदेलाही नको असेल, पण दोघी एकमेकींशी कधी बोलल्या नव्हत्या. प्रत्येकीला वाटतं, नको म्हणणारी मी एकटीच. असं वाटणाऱ्या शंभर जणी एकत्र राहतात आणि रूढी आरामात चालते.

आम्ही काय केलं, ते सांगते. फार काही नाही. पहिल्या बैठकीला रक्ताची, ब्लेडची चित्रं कोणी आणू द्यायची नाहीत असं ठरवलं. एका संस्थेने असं पोस्टर पाठवलं होतं, ते परत केलं. दुसरं, खतना या विषयावर वेगळी बैठक लावली नाही. ‘माझ्या शरीराबाबत माझ्यासाठी दुसऱ्यांनी काय ठरवलं’ असा विषय ठेवला. त्यात पाळीतलं वेगळं बसणं आलं, तिशीतच काढून टाकलेल्या पिशव्या आल्या, मुलगा होईपर्यंतची बाळंतपणं आली. आमच्यातल्या एकीने आपली तीन वेळा पाडलेली मुलगी सांगितली तेव्हा खोलीत कोणी ‘त्यांच्यातलं’ उरलं नाही. मग ती बोलली. गटापुढे, पहिल्यांदा. रडली नाही. आइसक्रीमचा रंग कोणता होता ते सांगितलं, आणि सांगितलं की आईने हात धरले होते. पुढे म्हणाली, ‘आईवर राग नाही. तिचेही कुणीतरी धरले होते.’

तिसरं, कुणाचीही हकिकत कुणी तिसरीने बाहेर न्यायची नाही. पत्रकार आले, त्यांना नाही सांगितलं. गोष्ट सांगणाऱ्या बाईचा तमाशा होता कामा नये. जिच्या जखमेवरची खपली निघते तिच्याबरोबर दुसऱ्या दिवशी, आठव्या दिवशी कोण बसणार हे ठरलेलं नसेल, तर तिला बोलतं करण्याचा आपल्याला अधिकार नाही.

म्हणून माझ्या मागण्या तीन. सरकारकडे: मोजा. कुटुंब आरोग्य पाहणीत हा प्रश्न विचारा. आशाताई, परिचारिका, शाळेतल्या बाई यांना त्याची माहिती द्या. स्वतंत्र कायदा करा, आणि त्यात करणाऱ्या डॉक्टरला आधी धरा. बोहरी समाजातल्या जाणत्या माणसांकडे: ज्या घराने मुलीला वगळलं त्या घराची रझा अडवू नका, बापांनो, विचारा तरी आपल्या मुलीला कुठे नेलं होतं. आणि आपल्याकडे, मैत्रिणींनो: पुढारीपण मागू नका. पुढे बोहरी स्त्रियाच राहतील. आपण खोली द्यायची, चटई अंथरायची, स्वतःची गोष्ट आधी सांगायची, आणि शंभर पोरं घेऊन येणाऱ्याला दारातून परत पाठवायचं. हे काम आपल्या प्रकल्पात बसत नाही, असं एका बैठकीत मला सांगण्यात आलं. बसत नसेल तर प्रकल्प मोठा करा. मुलीला लहान करू नका.

त्या मे महिन्यात तिची मुलगी भेंडीबाजारला गेली नाही. आईने सासूला कळवलं, पोरीला ताप आहे. दिवाळीत कळवलं, परीक्षा आहे. मुलगी आता आठ वर्षांची आहे. शेवटचा फोन आला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, ‘तुझ्या मुलीला सुट्टीतच बरा ताप येतो!’ किती दिवस पुरेल हे खोटं? परवा ती मला म्हणाली, ‘ताई, पुढच्या खेपेला खरं सांगावं म्हणते. नणंदेशी बोलले आहे, तिलाही नकोच आहे. पण सांगताना आम्ही निदान दोघी-चौघी असलो पाहिजे.’

दोघी-चौघी. एवढंच ती मागते आहे. तिला अजूनही आपण ‘ते तुमच्यातलं आहे’ असं सांगणार का?